महिनाकाकांनी न पाळलेला महिना

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला लोक घाईनं बोलावतात आणि घाईनंच वाटेला लावतात. महिनाकाकांकडे मात्र घाईची डाळ शिजत नसे. हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. "काका, डिस्क भरलीय, काय ते उडवा आणि मोकळी करा," असं कुणी म्हटलं की ते खुर्चीत ऐसपैस बसत, चष्मा पुसत आणि म्हणत, "उडवायचं नाही. आधी बाजूला ठेवायचं. महिनाभर बघायचं. मग उडवायचं."

त्यांचं काही चुकत नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये नवं अपडेट बसलं की बदललेल्या जुन्या फाइली एका फोल्डरमध्ये जपून ठेवल्या जातात. नवं अंगाशी आलं तर त्या फोल्डरच्या जोरावर ते काढून परत जुन्यावर येता येतं. असे फोल्डर वर्षानुवर्षं साठतात, निळ्या अक्षरांतली नावं, पुढं लांबलचक आकडे, पानंच्या पानं. बहुतेक कधीच लागत नाहीत, पण कुठला लागेल हे आधी कुणाला कळतं? म्हणून काका एकेक आकडा बसवलेल्या अपडेटांच्या यादीशी ताडून बघत, फोल्डर वेगळ्या डिस्कवर हलवत आणि डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवत. महिनाभर सगळं सुरळीत चाललं की मगच पुसत. बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचं नुकसान झालं नाही, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता.

नियम मोडला तो एकदाच, आणि तोही सख्ख्या बहिणीच्या घरी.

ताई त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळं ऊठ, अंघोळ कर, जेवायला ये, हे सगळं काकांना आठवतं ते ताईच्या आवाजात. पुढं ती शिक्षिका झाली आणि तो आवाज तीन वर्ग ओलांडून पलीकडं ऐकू जाऊ लागला. नेमका गळ्यातच आजार निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार असं ठरल्यावर काकांनीच धावाधाव करून एक कंपनी शोधली. ऑपरेशनआधी ताईनं सोळा दिवस माइकसमोर बसून वाक्यं वाचली आणि कंपनीनं त्यातून एक प्रोग्राम करून दिला. ती टाइप करेल ते कॉम्प्युटर तिच्याच आवाजात बोले. जरा सपाट, पण तिचाच. पहिलं वाक्य तिनं काकांसाठी टाइप केलं ते असं: "टिल्ल्या, केस कापायला झालेत तुझे." काका स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

पुढं कंपनी बंद पडली. प्रोग्राम दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचा म्हटलं तर तो कंपनीची परवानगी मागे, आणि ती द्यायला कुणी उरलंच नव्हतं. त्या एका जुन्या कॉम्प्युटरला काकांनी नऊ वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलं.

त्या रविवारी दुपारी डिस्क गळ्यापर्यंत भरली होती. ताईचं बोलणं मध्येच अडखळे, "चहा, चहा, चहा घे," असं. सहा वाजता परगावी राहणाऱ्या तिच्या मुलीचा फोन यायचा होता. दर रविवारी ताई फोन स्पीकरजवळ धरून तिच्याशी तासभर गप्पा मारी. कॉम्प्युटरनं सकाळीच स्वतःहून एक अपडेट घेतलं होतं आणि ते पुरं व्हायला एकदा बंद करून सुरू करा, असा निरोप पडद्यावर होता. काका कामाला बसले खरे, पण वेगळी डिस्क दुकानात राहिली होती. दुकान वीस मिनिटांवर. घरचंच तर काम आहे, असं ते स्वतःशी म्हणाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

ताई शेजारी स्टूल घेऊन बसली होती. जरा फट मिळाली की कीबोर्ड स्वतःकडं ओढायची. "टिल्ल्या, पोट सुटलंय." "टिल्ल्या, दाढी कुणासाठी वाढवतोयस?" "टिल्ल्या, झालं का?" सातव्या "झालं का"ला काका वैतागले.

"ताई, जरा गप्प बस ना गं!" असं म्हणून त्यांनी स्पीकरचं बटण फिरवलं आणि आवाज बंद केला. ताई खांदे हलवत हसली.

त्यांनी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. इंटरनेट लागलं, प्रिंटरनं पान काढलं, सगळं ठीक. ताईनं पुन्हा एक ओळ टाइप केली. काका न वाचताच "हो, हो" म्हणाले. मग निळ्या नावांचे फोल्डर निवडले, सगळेच्या सगळे, सकाळच्या अपडेटचासुद्धा, आणि कायमचे पुसले. वर विस्कटलेली डिस्क नीट लावणारा प्रोग्रामही चालवला, म्हणजे पुसलेल्याच्या जागी दुसरं काहीबाही जाऊन बसलं.

पावणेसहाला त्यांनी ऐटीत बटण फिरवलं. "हं, बोल आता काय बोलायचंय ते!"

ताईनं टाइप केलं. अक्षरं उमटली. आवाज आला नाही.

वायर ढिली असेल म्हणून काकांनी एक गाणं लावलं. गाणं खणखणीत वाजलं. अपडेटनं प्रोग्रामला लागणारी एक जुनी फाइल बदलली होती, आणि ती जुनी फाइल पुसलेल्या फोल्डरमध्ये होती. फोल्डर असताना हे कळलं असतं तर पाच मिनिटांचं काम. स्पीकर चालू असता तर कळलंच असतं.

त्या संध्याकाळी "दुरुस्ती चाललीय" म्हणून वेळ मारून नेली. पुढचे पाच आठवडे काकांनी दुकान जवळजवळ बंदच ठेवलं. पुसलेलं परत मिळवणारी माणसं गाठली. तसाच जुना कॉम्प्युटर शोधून त्यातली फाइल आणून बसवली, तर प्रोग्रामनं पुन्हा त्या बंद पडलेल्या कंपनीची परवानगी मागितली. प्रोग्राम टाइप केलेल्या सगळ्या वाक्यांची यादी ठेवी. तीत शेवटून दुसरं वाक्य त्यांनी त्या दुपारी "हो, हो" म्हणत न वाचलेलं होतं: "आधी बाजूला ठेवलंस ना रे? का बहिणीला महिना नाही?"

सहाव्या रविवारी मुलीच्या फोनआधी ताईनं वहीत लिहून त्यांच्यापुढं धरलं, "तिला सांग, मशीन जुनं होतं, आपोआप गेलं."

"नाही ताई, मी खरं तेच सांगणार."

ताईनं 'आपोआप'खाली दोन रेघा मारल्या आणि पुढं लिहिलं, "तिला मामा एकच आहे."

फोन वाजला. काकांनी तो उचलला आणि वहीतलं वाक्य जसंच्या तसं म्हणून टाकलं. मग भाची रडत रडत म्हणाली, "मामा, तू मनाला लावून घेऊ नकोस हं. तू होतास म्हणून आईचा आवाज मला नऊ वर्षं मिळाला. दुसऱ्या कुणी एवढं जपलं नसतं."

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. त्यांचा गळा तर धडधाकट होता. ते "हो गं" म्हणाले आणि फोन ताईच्या हातात दिला.