झोपायची जागा

याकोब मास्तर गेल्याचा फोन त्याच्या सुनेनं केला, तेव्हा मी नवीन जालन्यात बँकेच्या रांगेत उभा होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता तरी याला झोप लागली असेल का...

आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवायचो. तो इतिहास, मी गणित. निवृत्त झाल्यावर त्यानं गावाबाहेरच्या ख्रिस्ती दफनभूमीची देखभाल अंगावर घेतली, आणि मी आपला दुपारी सोबतीला. फाटकाबाहेर चपला काढायच्या, आत हळू बोलायचं, हा त्याचा नियम. एकदा मी त्या जागेला कबरस्तान म्हणालो तर बिघडलाच. "कोइमेतेरियोन म्हण. ग्रीक शब्द हाय, म्हंजे झोपायची खोली. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी पुरायच्या जागेला मुद्दाम हे नाव दिलं. त्यांच्या लेखी इथं कुणी मेलेलंच न्हाई. झोपलेत, उठायचेत." इंग्रजीतला सिमेटरी त्यातूनच निघाला, हे गणितवाल्याला तेव्हा कळलं.

"मंग आपण काय पहारा करून राह्यलो का?" मी चिडवलं.

"बराबर," तो म्हणाला. तेवढ्यात माझा फोन खणाणला. "श्श..." त्यानं ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या रांगेत माती सरकली, कुणी कूस बदलावी तशी. "मार्थाबाई. लई हलकी झोप हाय तिची." भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला. घूस असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

बायको गेल्यापासून मास्तरला स्वतःला मात्र झोप नव्हती. गोळ्या झाल्या, तळपायाला तेल चोळून झालं. एकदा म्हणाला, "मेल्यावर तिथं सगळे झोपलेले अन् मी एकटाच जागा राह्यलो तर रे? भ्या वाटतं मला. तू येऊन बघशील?" मी हो म्हणून बसलो.

महिनाभर माझी हिंमत झाली नाही, हे कबूल करतो. गेल्या आठवड्यात गेलो. चपला काढल्या, त्याच्या मातीजवळ बसलो आणि हळूच विचारलं, "मास्तर, लागली का झोप?" लिंबाचं पानसुद्धा हललं नाही. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. उठायला लागलो तोच खिशात फोन वाजला. बंद करायचा राहिला होता.

"श्श..."

माझ्या पायाशीच. त्याचाच आवाज.

मी पळालो नाही. फोन बंद केला आणि परत खाली बसलो. आता रोज दुपारी जातो. फाटकाशी चपला काढतो, आणि बाकीच्यांची झोपमोड होणार नाही अशा आवाजात त्याच्याशी शाळेतल्या जुन्या गोष्टी बोलत बसतो.