सोमवारी भोंगा होत नाही

त्या सोमवारी दुपारी मी तळोज्याच्या आमच्या कंपनीत, लॅबच्या खिडकीशी उभी होते. परतीच्या पावसाचे दिवस होते. सकाळपासून पान हललं नव्हतं, अंगाला कपडे चिकटत होते, आणि माथेरानच्या बाजूनं आभाळ निळंकाळं होत चाललं होतं. चिमण्यांचा धूर त्या काळ्यावर सरळ उभा राहिला होता. मग एकच आवाज झाला. तो गडगडाट नव्हता, मोठं लाकूड मधोमध फुटावं तसा कडाका होता. खिडकीची काच थरथरली. मागून कुणीतरी म्हणालं, डोंगरावर वीज पडली बहुतेक. मी डोंगराकडे पाहिलं. तिथे नेहमीसारखंच गवत दिसत होतं, पाऊसही अजून सुरू झाला नव्हता. थोड्या वेळानं फोन आला तो शिंदे मॅडमचा. त्या नेरुळच्या शाळेत विज्ञान शिकवतात, माझी त्यांची ओळख जयवंतीमुळे. पलीकडून आधी नुसतं मुलींचं रडणं ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, जयूताई उठत नाहीये..."

याला आता काही आठवडे झाले. जयवंती माझ्या मुलीची पी.टी.ची शिक्षिका होती. नेरुळमधल्याच शिरवणे गावची, तिथल्या जुन्या घरांपैकी एकातली. लग्न केलं नव्हतं, आई आणि ती दोघीच राहायच्या. मुलगी शिकायला बाहेर गेली तरी आमची मैत्री राहिली, किंबहुना त्यानंतरच खरी झाली. तिचं बोलणं शाळेत एकदम शुद्ध आणि बाहेर एकदम मोकळं. रागावली की 'नाय' आणि 'हाय' सुरू व्हायचं. चालताना ती कायम सगळ्यांच्या मागे असायची. शाळेच्या सहलींमुळे लागलेली सवय. बाजारात आम्ही दोघीच असलो तरी ती माझ्या एक पाऊल मागून चालायची, आणि मी हसले की म्हणायची, "पुढचा माणूस हरवत नाय गं, मागचा हरवतो."

मी गोल्फ खेळते हे तिला मोठं नवल होतं. खरं सांगायचं तर मी त्या खेळाच्या ओढीनं गेलेच नव्हते. कंपनीतले वरिष्ठ रविवारी सकाळी मैदानावर एकत्र जमायचे, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळं आधीच ठरलेलं असायचं. ते कुठे ठरतं हे कळल्यावर मी शिकायला सुरुवात केली आणि हळूहळू मला ते आवडायला लागलं. भल्या सकाळचं दव, जड बॅग उचलणारा कॅडी, समोरचा मारायला उभा राहिला की सगळ्यांनी रोखून धरायचा श्वास, आणि शेवटी तो चेंडू भोकात पडतानाचा अगदी बारीक, खासगी आवाज. एकदा जयवंतीला पाहुणी म्हणून घेऊन गेले. गेटवरच अडवलं. तिच्या टी-शर्टला कॉलर नव्हती. माझ्या गाडीत एक जादा शर्ट होता, तो तिनं वरून चढवला आणि आम्ही आत गेलो. तिनं मारलेले पहिले काही चेंडू जमिनीवरून घसरत गेले, नंतरचे मात्र असे लांब गेले की शेजारी सराव करणारे थांबून बघायला लागले. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, एवढ्या मोठ्या हिरव्या जागेत एका सकाळी माणसं किती खेळतात. मी सांगितलं. तिनं मान हलवली. तिच्या वडिलांची भातशेती शहर वसवताना गेली होती, हे मला माहीत होतं. कॉलरचा शर्ट तिनं धुऊन, इस्त्री करून दुसऱ्या दिवशी परत पाठवला.

पुढच्या वर्षी क्रीडाशिक्षकांच्या एका शिबिरावरून ती परत आली ती झोळीत प्लास्टिकच्या तीन तबकड्या घेऊनच. डिस्क गोल्फ. मी नाव पहिल्यांदाच ऐकत होते. तिनं मला आमच्या गोल्फच्या मैदानामागच्या डोंगरावर नेलं. शाळेमागच्या वेल्डरकडून तिनं सायकलच्या रिमा, लोखंडी पाइप आणि जुन्या साखळ्या जोडून टोपल्या करून घेतल्या होत्या आणि त्या उतारावरच्या झाडीत रोवल्या होत्या. चेंडूऐवजी डिस्क, भोकाऐवजी साखळ्यांची टोपली. बाकी हिशेब तोच. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची, डिस्क जिथे पडली तिथूनच पुढची फेक, आणि आपले आकडे आपणच खरे सांगायचे. पण मजा वेगळीच होती. आमच्याकडे झाड म्हणजे अडचण, चेंडू झाडीत गेला की तोंड पडायचं. तिच्याकडे झाडं हाच खेळ होता. ऐनाच्या दोन झाडांच्या फटीतून डिस्क वळवून काढायची, वाऱ्यावर थोडी तिरकी सोडायची, ती शेवटी आपसूक डावीकडे कलते हे आधीच धरून चालायचं. कुणी श्वास रोखत नव्हतं. शाळेतल्या मुली बोलत, हसत, ओरडत फेकत होत्या, कुणी चपलेत, कुणी अनवाणी. आणि डिस्क टोपलीत गेली की साखळ्यांचा असा खळखळाट व्हायचा की अख्ख्या डोंगराला कळावं. जयवंती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा चेंडू गपचूप जातो. आमचं कुणाचं काय गेलं तर सगळ्यांना ऐकू येतं."

मी दोन्ही खेळत राहिले. रविवारी सकाळी खाली मैदानात, आणि शनिवार-रविवारी जमेल तेव्हा संध्याकाळी वर तिच्याबरोबर. वरून मैदान अगदी चित्रासारखं दिसायचं, आखलेलं आणि शांत. दोन खेळांतला एक फरक मात्र माझ्या लक्षात यायला वेळ लागला, आणि तो लक्षात आल्यापासून माझ्या मनात एक बारीकशी धाकधूक कायमची बसली. गोल्फच्या मैदानावर आकाशाकडे बघायला माणूस नेमलेला असतो. वीज जवळ आली की लांब भोंगा होतो, आणि कितीही मोठा साहेब असो, काठी टाकून त्याला आत यावं लागतं. एका ऑक्टोबरात आम्ही मधल्या कुठल्याशा होलवर असताना तो भोंगा झाला. केमिकल कंपनीत आयुष्य गेल्यामुळे भोंग्याला प्रश्न विचारायचा नसतो एवढं मला पक्कं ठाऊक आहे. आम्ही धावत क्लबहाउसमध्ये आलो, चहा आला, गप्पा सुरू झाल्या. काचेतून मी वर पाहिलं. डोंगराच्या उतारावरून रंगीत ठिपक्यांची एक रांग खाली येत होती, आणि सगळ्यांत मागे, बरंच अंतर ठेवून, एक ठिपका. त्यानंतर लगेच आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला आणि काही दिसेनासं झालं. चहा माझ्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनंच विषय काढला. तुमचा भोंगा वरपर्यंत येतो, तो झाला की मी मुलींना खाली घेते, असं तिनं सहज सांगितलं. मी विचारलं, वारा उलटा असला तर? ती म्हणाली, वारा उलटा असला की ढगही उलटेच जातील. मी तिला समजावलं, की परतीच्या पावसाचे ढग डोंगरापलीकडून येतात, आपल्या अंगावर खाडीचा वारा असतानाही येतात, वाऱ्यावर भरवसा ठेवू नकोस. तिनं ते ऐकून घेतलं, मोबाइलवर विजेची सूचना देणारं अॅपसुद्धा टाकलं. पण डोंगराच्या त्या बाजूला रेंज कधी असायची, कधी नसायची. भोंगा मात्र तोवर कधी चुकला नव्हता.

पुढे डोंगरच कमी होत गेला. एका बाजूनं खाण पुढे सरकत होती, दुपारी सुरुंगाचे दणके बसायचे आणि टोपल्यांच्या साखळ्या आपोआप किणकिणायच्या. खालच्या झाडीला एका वर्षी पत्र्याचं कुंपण पडलं. आत काय होणार हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, पण आत जायचं नाही हे सगळ्यांना कळलं. जयवंतीनं टोपल्या उपटून थोड्या वर नेल्या. मग आणखी थोड्या वर. असं करता करता सगळा खेळ डोंगराच्या बोडक्या माथ्यावर गेला. तिथे झाड म्हणून नव्हतं. आभाळाखाली उभ्या असायच्या त्या फक्त लोखंडी टोपल्या, आणि त्यांच्यामध्ये पोरी. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा संध्याकाळ होती, तळोज्याकडून तो नेहमीचा उग्र गोडसर वास येत होता, आणि मला तिथे उभं राहावंसंच वाटेना. कारण सांगता आलं नसतं. ती एवढंच म्हणाली, "झाडं गेली, आता हे तुमचं गोल्फच झालं." मी म्हटलं, बंद कर हे, शाळेच्या मैदानावर खेळव. त्यावर ती माझ्याकडे वळली. "शाळेचं मैदान रविवारी लग्नाला देतात. मुलींना घेऊन अजून किती सरकू? वरती आता फक्त आभाळ हाय."

त्या सोमवारी काय झालं ते शिंदे मॅडमनी मला नंतर, सावकाश, थांबत थांबत सांगितलं. सहामाही परीक्षा संपून सुट्टी लागली होती. मुली खूप दिवसांनी वर आल्या होत्या, सोबतीला मॅडमही. उकडत होतं, पण सगळ्या खुशीत होत्या. डोंगरापलीकडे कुठेतरी पहिल्यांदा गुरगुरलं तेव्हा जयवंतीनं खेळ थांबवला आणि ती खाली गोल्फच्या मैदानाकडे बघत उभी राहिली. कानावर हात आडवा धरून तिनं ऐकलं. काही नाही. ती म्हणाली, अजून लांब असेल, एवढा एक होल संपवू. मॅडमनाही ते पटलं, कारण आजवर तसंच तर चाललं होतं. मग पुन्हा गुरगुरलं, आता जवळ. तिनं पुन्हा खाली पाहिलं, आणि या वेळी नीट पाहिलं. मैदानावर एकही माणूस नव्हता. ना कॅडी, ना छत्री, ना गाडी. मॅडम म्हणाल्या, तिचा चेहरा एकदम उतरला. तिला तेव्हा कळलं असावं. सोमवारी ते मैदान बंद असतं. आत बोलवायला कुणी नसेल तर भोंगा कशाला वाजेल... आणि सोमवारी ती आजवर कधी वर गेली नव्हती. सोमवारी शाळा असते.

तिनं आरडाओरडा केला नाही. डिस्का तिथेच टाका, म्हणाली, टोपल्यांपासून लांब व्हा, एकमेकींचे हात धरू नका, अंतर ठेवून पळा. मॅडमना तिनं पुढे काढलं. वाटेत पाण्याच्या टाकीची पक्की खोली होती, तिथे सगळ्यांना घालायचं ठरलं. ती स्वतः मागे थांबली, शेवटची मुलगी माथ्यावरून उतरेपर्यंत. शेवटची मुलगी उतरली. तिच्यामागून जयवंती निघाली, चार पावलं आली असेल, आणि तो कडाका झाला. मॅडमनी वळून पाहिलं तेव्हा ती गवतात पालथी पडलेली होती. अंगावर कुठे ओरखडा नव्हता.

छाती कशी दाबायची, श्वास कसा द्यायचा हे तिनंच त्या मुलींना शिकवलं होतं. दर वर्षी, वर्गातल्या बाकावर उशी ठेवून. मॅडम तिच्याकडे धावल्या तशा मोठ्या मुलीही टाकीच्या खोलीतून बाहेर आल्या, नको म्हटलं तरी आल्या. पाऊस सुरू झाला होता. पाळीपाळीनं त्यांनी तिची छाती दाबली, मोठ्यानं आकडे म्हणत, तिनं शिकवले होते तसेच. अॅम्ब्युलन्स कुंपणाशी थांबली, वर चढायला रस्ता नव्हता. स्ट्रेचर घेऊन माणसं पोहोचेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. त्यातल्या एकीनं मला नंतर विचारलं, आमचं कुठे चुकलं का. मी तिला जवळ घेतलं, आणि काही चुकलं नाही, हे तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं.

मी अजून मैदानावर गेलेले नाही. जाईन कदाचित. मागच्या आठवड्यात शिरवण्याला तिच्या आईला भेटायला गेले. आता दिवस लवकर मावळतो, गल्लीत दिवे लागायच्या आधीचा तो अंधुक उजेड होता, आणि पलीकडे एमआयडीसीच्या बाजूला आभाळ पुन्हा भरून आलं होतं. आई दारातच बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर जयवंतीची ट्रॅक पँट होती, त्या दिवशीची नव्हे, आदल्या रविवारी टोपल्या बघायला ती एकटीच डोंगरावर गेली तेव्हाची, धुवायची राहिलेली. पायांच्या कडांना गवताची कुसळं जिथे तिथे रुतून बसली होती. मुलगी डोंगरावरून आली की तिच्या कपड्यांतली कुसळं काढायचं काम आईंचं, हे मला तेव्हा कळलं. रात्रीच्या जेवणाआधी त्या बसायच्या आणि सगळी काढून मगच कपडे पाण्यात टाकायच्या. मी शेजारी बसले. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मीही एक कुसळ चिमटीत धरलं. आईंनी माझा हात हलकेच बाजूला केला. लांब कुठेतरी गुरगुरलं. त्यांनी वर पाहिलं नाही. पँटच्या कडेवरून बोट फिरवत त्यांनी एक कुसळ शोधलं, सावकाश ओढून काढलं, उंबऱ्याबाहेर टाकलं, आणि पँटची घडी घातली.

"रोज येकच काडतंय," त्या म्हणाल्या. "सगली काडली तं मंग काय करू, बाय?"