मामांची काउंटी

शारजात राहून अमेरिकेतल्या एका खेड्यात नांदणारा माझ्या बायकोच्या मामांसारखा माणूस अख्ख्या आखातात दुसरा सापडणार नाही. एका हिवाळ्यात ते मुलीच्या बाळंतपणासाठी मामींबरोबर आयोवातल्या एका काउंटीत, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या मुलखात, गेले होते. बाहेर बर्फ, घरात बाळ आणि बायकांचं राज्य. कंटाळून ते गावातल्या छोट्या संग्रहालयात जाऊन बसू लागले. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनाही ऐकणारं कुणी मिळत नव्हतं. त्यांनी मामांना गाडीत घालून तालुकाभरची जुनी घरं दाखवली आणि मामा झपाटून परत आले.

तेव्हापासून शारजातल्या अल नहदा भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर गेलं, की तिथल्या वस्तीचा इतिहास ऐकावाच लागे. "आधी ओंडक्यांची एक खोली. मग शेजारी दगडी घर. मग जुन्या खोलीत कोंबड्या," मामा सांगायचे. आतून मामी विचारायच्या, "कोंबड्यांपर्यंत आलात का? पोहे आणते." माझी मुलगी म्हणायची, "आजोबा, प्लीज, नॉट द केबिन अगेन." मामा रागावत नसत, ते त्या घरांच्या खिडक्यांवर वळत. दुबईतल्या नोकरीवरून संध्याकाळी आम्ही एकाच गाडीनं परतायचो. ट्रॅफिकमध्ये मी अर्धमेला होऊन स्टिअरिंगवर डोकं टेकलं, की शेजारून शांत आवाज यायचा, "ते लोक बैलगाडीतून आले, जावईबापू. बायकामुलांसकट."

गेल्या उन्हाळ्यात मामांची नोकरी संपली, पाठोपाठ व्हिसाही. "खलास," एवढंच म्हणाले. मी सामान बांधायला गेलो, तेव्हा मामी रिकाम्या खोलीत उभ्या होत्या. म्हणाल्या, "या बिल्डिंगमध्ये राहायला आलेले पहिले आम्हीच. समोर नुसती वाळू होती. दार बंद केलं तरी ताटात यायची. मुलगी इथंच चालायला शिकली."

इतक्या वर्षांत हे मी प्रथमच ऐकत होतो.

"मामा, हे कधी सांगितलं नाहीत?"

मला वाटलं, आता खुलतील. ते खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले.

"त्यात काय सांगायचं? त्या लोकांना तिथं राहायचं होतं." चिकटपट्टी दातानं तोडून ते म्हणाले, "आम्ही दर वर्षी पुढच्या वर्षी जाणार होतो."

दुसऱ्या दिवशी त्यांना विमानतळावर सोडून घरी आलो. मुलीनं विचारलं, "व्हेअर विल दे लिव्ह नाउ?"

"पुण्यात," मी म्हणालो. "तूर्तास भाड्यानं."