संमतीपत्रकातली न वाचलेली ओळ

दूरच्या एका विद्यापीठाने मिरजेत क्षयाच्या औषधांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती. स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर एका दुमजली घराच्या खालच्या तीन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या होत्या. एकीत क्ष-किरणांचं यंत्र होतं, दुसरीत डॉक्टर बसत, आणि तिसरीत मी. सांगलीहून सकाळच्या एस.टी.ने यायचं, नव्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना हा अभ्यास काय आहे ते समजावून सांगायचं, संमतीपत्रकावर सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि नंतर अधूनमधून त्यांच्या घरी जाऊन गोळ्या घेतल्या जातात का ते पाहायचं, एवढं माझं काम.

संमतीपत्रक इंग्रजीत आलं होतं. त्याचं मराठी मीच केलं. आमचे मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे सर म्हणत, त्यांनी ते दोनदा माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. ते कडक होते, पण तिरसट नव्हते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "जुनं औषध आहे, त्यात रोज इंजेक्शन आणि दीड वर्ष गोळ्या. नवं आहे, ते थोड्या महिन्यांत संपतं. नव्यानं खरंच तितकंच बरं वाटतं का, हे आम्हाला माहीत नाही. माहीत असतं तर हा अभ्यास करण्याचं कारणच नव्हतं. लोकांना हे असंच सांगायचं."

डॉक्टरला माहीत नाही, हे लोकांना पटायचं नाही. कुणाला कुठलं औषध ते डॉक्टर ठरवत नाही, बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवते, हे तर त्याहून पटायचं नाही. पलूसकडच्या एका शेतकऱ्याला मी उसाचं उदाहरण दिलं. नवं बेणं विहिरीलगतच्या काळ्या रानात लावलं आणि जुनं माळाला, तर कुठलं बेणं चांगलं ते कसं कळणार? डॉक्टरनं निवड केली की तसंच होतं. धडधाकट दिसणाऱ्याला नकळत एक औषध दिलं जातं, खंगलेल्याला दुसरं. म्हणून चिठ्ठी. आणि छातीचे फोटो तपासणाऱ्यालाही कुणाला काय दिलंय ते सांगायचं नाही. तो शेतकरी लगेच म्हणाला, "मग बरोबर हाय." तेव्हापासून मी सगळ्यांना तेच उदाहरण देऊ लागले.

पत्रकात खाली एक ओळ होती. इंजेक्शनांमुळे काहींना चक्कर येते, कानात आवाज येतो, ऐकू कमी येतं. असं काही वाटलं तर त्याच दिवशी येऊन सांगावं, इंजेक्शन थांबवता येतं.

तासगावहून एक नवरा-बायको आले होते. ती द्राक्षाच्या बागेत मजुरीला जायची. पंचविशीची असेल, अंगात ताप, ओठ सुकलेले. सगळं ऐकून घेताना ती मान डोलावत होती. ही ओळ वाचली तशी नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. आधीच आजारी, त्यात बहिरी झाली तर पोरं कोण बघणार, असं काहीतरी तो पुटपुटला. मी पुष्कळ समजावलं, अभ्यासात यायचं नसेल तर सरकारी दवाखान्यात तरी जा म्हणून सांगितलं, पण ते उठून गेले ते गेलेच. चार महिन्यांनी मी दुसऱ्या एका रुग्णासाठी त्यांच्या गल्लीत गेले, तेव्हा कळलं की ती वारली. कुठलंच औषध घेतलं नव्हतं. एका भगताकडे नेत होते म्हणे.

त्यानंतर मी ती ओळ वाचायची सोडली. एकदम नाही. आधी भरभर वाचायची, मग नुसतं "थोडाफार त्रास होऊ शकतो" म्हणायची, मग तेही नाही. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. मी स्वतःच ठरवलं होतं की ती ओळ माणसं मारते.

अशात एक तंबोरे करणारा कारागीर आला. मिरजेतल्या सतार-तंबोऱ्यांच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, खोकून खोकून वाकलेला. मी त्याला मामा म्हणू लागले, तो मला बाई. त्यानं माझं बोलणं जितकं लक्ष देऊन ऐकलं तितकं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. चिठ्ठीचं सांगितल्यावर तो हसला.

"म्हंजे तुमास्नीच ठावं न्हाई कंचं बरं," तो म्हणाला. "ठावं न्हाई असं कबूल करत्यात, ह्ये मला आवडलं."

त्यानं सही केली. वळणदार, सावकाश. मी ती ओळ त्याला वाचून दाखवली नव्हती. पाकीट उघडलं तर आत जुनं औषध निघालं. नवं मिळालेल्यांच्या लघवीला तांबडा रंग यायचा, म्हणून बाहेरच्या बाकावर लोक एकमेकांना 'तांबडं की साधं' असं विचारत. हा आपणहूनच सांगायचा, "मी साध्यातला."

रोज सकाळी तो चालत यायचा, इंजेक्शन घ्यायचा, कंबर चोळत दुकानाला जायचा. एक दिवस चुकवला नाही. दोन महिन्यांत खोकला उतरला, अंगावर थोडं मांस आलं. त्याच्या बायकोनं एकदा मला गल्लीत थांबवून मूठभर शेंगदाणे हातावर ठेवले आणि आता रातीला झोप लागते त्यास्नी, असं सांगितलं. मला फार बरं वाटलं. वाटलं, बघा, ओळ वाचली असती तर हा माणूस गेला असता.

तिसऱ्या महिन्यात गोळ्या मोजायला मी त्याच्या दुकानात गेले. तो घोडीवर कानस फिरवत होता. तंबोऱ्याच्या तारा ज्या हस्तिदंती पट्टीवर टेकतात ती घोडी. तिचा उतार कानशीनं इतका बारीक घासतात आणि तारेखाली सुताचा दोरा अशा जागी सरकवतात की तार छेडली की आवाज उघडतो, लांबतो, त्यातून वरचे सूर निघतात. त्याला जवारी काढणं म्हणतात. गल्लीत इतर लोक भोपळे कोरत, दांड्या बसवत, पण जवारीला म्हणून लोक ह्याच्याकडे लांबून येत, हे मला त्याच्या धाकट्या भावाकडूनच कळलं होतं.

त्यानं तार छेडली, दोरा केसभर सरकवला, परत छेडली. मग खाली वाकून हनुवटी भोपळ्यावर टेकवली आणि डोळे मिटून परत छेडली. असं तो कितीतरी वेळ करत राहिला. मी आलेली त्याला कळलंच नव्हतं.

धाकटा भाऊ मला बाहेर घेऊन आला. म्हणाला, "बाई, दोन तंबोरे माघारी आले. आवाज मिटलेला हाय म्हन्त्यात. दादा म्हन्तो तारा खराब आल्यात. पर तारा चांगल्या हायत. मी बघितल्यात."

मी आत जाऊन मामांना विचारलं, कानात काही होतंय का. दोनदा विचारावं लागलं.

"रातकिड्यागत वाजतंय," ते म्हणाले. "लय दिस झाले. रोगानं असंल म्हून बोललो न्हाई."

मी त्यांना तिथून तसंच उठवून सरांकडे घेऊन गेले. सरांनी कानाशी घड्याळ धरून पाहिलं, मग कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं, आणि इंजेक्शनं त्याच दिवशी बंद करून दुसऱ्या गोळ्या दिल्या. बोलणं ऐकू येत होतं. गेलं होतं ते वरचं, बारीक. साध्या माणसाला त्यावाचून काही अडलं नसतं.

संध्याकाळी सरांनी त्यांना समोर बसवून मोठ्या आवाजात विचारलं, "कानात आवाज आला की त्याच दिवशी यायचं, हे तुम्हाला सांगितलं होतं ना?"

मी दाराशी उभी होते. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे वळून म्हणाले, "व्हय. सांगितलं हुतं. माजंच चुकलं."

सरांनी ते नोंदवहीत लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना खोटं का बोललात म्हणून विचारलं. ते पायरीवर बसून चपला घालत होते. म्हणाले, "खरं सांगून माजा कान आला असता व्हय?" त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

चार दिवस मी गप्प राहिले. जेवण जात नव्हतं. आई म्हणाली, तुलाच लागण झाली की काय. पाचव्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं, तासगावच्या बाईपासून. त्यांनी नोंदवही पुढे ओढली. मग म्हणाले, "तुम्ही त्यांच्या वतीने ठरवलंत. त्यांनी ठरवायचं होतं." त्यांनी मामांचं उत्तर खोडलं आणि खरं काय ते लिहिलं. मला काढून टाकलं नाही. तेवढ्या काळात मी ज्यांची ज्यांची सही घेतली होती त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन ती ओळ वाचून दाखवायची आणि परत विचारायचं, राहायचं का, असं त्यांनी सांगितलं.

तीन आठवडे मी एस.टी.ने हिंडत होते. पलूस, तासगाव, सांगलीतल्या गल्ल्या. बहुतेक सगळे राहिले. दोघं सोडून गेले. त्यांना मी सरकारी दवाखान्यापर्यंत नेऊन सोडलं. एका सैनिकाच्या घरी त्याच्या म्हाताऱ्या आईला, तीच आमची रुग्ण, चालताना भिंत धरावी लागत होती. सून म्हणाली, वयानं असंल म्हून आमी बोललो न्हाई. तिचं इंजेक्शन वेळेवर थांबलं. चक्कर पुढे हळूहळू कमी झाली.

मामांचा क्षय पुरता बरा झाला. शेवटचा फोटो स्वच्छ आला. कान मात्र होते तसेच राहिले. जवारीचं काम भाऊ करू लागला. तो मेहनती होता, पण लांबची माणसं यायची थांबली. मामा भोपळ्यांवर वेलबुट्टी काढत आणि पॉलिश करत बसायचे. फोटो घ्यायला आले त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, कुठलं औषध जिंकलं. अजून मोजणी चाललीय, मी म्हणाले. पुढे वर्षभरात कळलं की नवं औषध जुन्याइतकंच गुणाचं ठरलं होतं, आणि रोजच्या सुईची गरज नव्हती. त्या निकालाच्या कागदात मिरजेच्या रुग्णांची बेरीज होती. मामा त्या बेरजेत होते.

हे त्यांना जाऊन सांगायला हवं होतं. मी गेले नाही. अभ्यास संपला, खोल्या रिकाम्या झाल्या, मला सांगलीत शाळेवर नोकरी लागली. मिरजेला काम निघालं तर मी ती गल्ली टाळून बाजारातून वळसा घालून जायची. मामा गेल्याचं मला कित्येक वर्षांनी त्यांच्या भावाकडून कळलं, बसस्टँडवर, दोन मिनिटांत. त्याची गाडी लागली होती.