रामाजीचं नाक

देवळीच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, रामाजीच्या नाकाला मान होता. कापसाची गंजी आतल्या आत धुमसायला लागली की धूर दिसण्याआधी त्याला वास यायचा. तो बोट दाखवायचा, माणसं गंजी फोडायची, आणि तिथंच काळी पडलेली रुई निघायची.

त्या नाकापायीच १९७८ साली वर्ध्याच्या एका प्रयोगशाळेत तो रोजंदारीवर लागला. तिथले श्रीनिवास साहेब दगडी कोळशाचा अर्क काढत. जाड पोलादी भांड्यात कोळशाची भुकटी घालायची, टोल्युइन नावाचं रसायन सोडायचं, आणि दाबाखाली इतकं तापवायचं की ते ना पातळ राहतं, ना वाफ होतं. वाफेसारखं ते कोळशाच्या कणाकणात शिरतं आणि पातळासारखं आतलं सत्त्व विरघळवून आणतं. दाब उतरला की डांबरासारखा अर्क खाली बसतो. पण सांध्यातून ते जरा जरी निसटलं, तर खोली पेटायला वेळ लागत नाही. म्हणून भांडं तापलं की रामाजीनं प्रत्येक सांध्याशी नाक न्यायचं. बोल्ट आवळायला प्रेमदास होता, हुंगायला रामाजी. नाक असंच चाललं तर कायम करीन, असं साहेबांनी सांगितलं होतं.

सात वर्षं तो हुंगत राहिला. आठव्या वर्षी एका दुपारी तो आंबलेलं वरण काही न जाणवता जेवून उठला. भागीरथा, त्याची बायको, मागून जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला थांबली.

"त्या रसायनाच्या वासानंच नाक खाल्लं तुमचं," ती म्हणाली. "साहेबाले सांगा."

"कायमचा कागद येऊन राह्यला. तवर बोलू नोको."

मग त्यानं आपली युक्ती काढली. भांडं तापवण्याआधी त्यात सिलिंडरमधला नायट्रोजन वायू दाबानं भरायचा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला की प्रेमदासकडून बोल्ट आवळून घ्यायचा. तापल्यावर नाक नेऊन श्वास ओढायचं नुसतं सोंग. वर्षभर एक सांधा गळला नाही.

एके दिवशी दिल्लीचे पाहुणे आले. साहेबांनी त्यांना जिनातली गोष्ट रंगवून सांगितली, रामाजीच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि नाकाखाली एकामागून एक दोन बाटल्या धरल्या. टोल्युइन कोणत्या बाटलीत?

रामाजीनं दोनदा श्वास ओढला. "दुसरीत," तो म्हणाला.

"दोन्हीत पाणी आहे, रामाजी."

पाहुणे मनापासून हसले. रामाजीनं फडकं सोडून त्याची नीट घडी केली.

"वर्षभर तुझा फेस बघतोय मी," साहेब म्हणाले.

"मंग काऊन नाई बोलले?"

"पद्धत पक्की ठरते का, ते बघायचं होतं. ठरली. आता फेस काय, प्रेमदासही लावेल."

कायमचा कागद आला, तो प्रेमदासच्या नावानं. रामाजीला शेवटचं काम मिळालं ते प्रेमदासला शिकवण्याचं. ते त्यानं दिवसभर मन लावून केलं. फेस पातळ झाला तेव्हा तो प्रेमदासवर खेकसलादेखील.

"घट्ट कर, बावा. असा ठेवला त तुले काहीच समजणार नाई."

साडेपाचला त्यानं हात धुतले आणि साबणाची वाटी प्रेमदासच्या हाती दिली.