राक्षसासमोर रांग

राक्षस हलत नव्हता. चाळीस जण त्याला एकाच वेळी तलवारीने मारत होते आणि तो एक हात वर करून, रिक्षा थांबवतोय असा उभा होता. मी स्क्रीनकडे बघत होते. शेजारी आमचे मालक इम्रानभाई चहाचा कप धरून उभे होते. चहावर साय आली होती.

"मेलाय काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. मरतोय, पण सावकाश."

मी गेम डिझायनर आहे. रत्नागिरीत मांडवीला, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या गॅरेजच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. इम्रानभाई बरीच वर्षं आखातात एसीची कामं करून परत आले आणि त्यांनी मुंबई-पुण्यात विखुरलेली आम्ही आठ माणसं गोळा केली. माझ्याकडे मारामारी असते. म्हणजे तलवार उचलल्यापासून लागेपर्यंत किती वेळ जावा, राक्षसाने हल्ल्याआधी खांदा कसा ताणावा, हे मी ठरवते. आई शेजारी सांगताना 'कम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगते.

आमचा गेम अ‍ॅक्शन आरपीजी. यात तुम्ही एक पात्र चालवता, लढता लढता ते ताकदवान होत जातं, आणि फटका मात्र तुम्हालाच, तुमच्या बोटांनी, नेमक्या वेळेला मारावा लागतो. गोष्ट साधी होती. समुद्राने एक बेट गिळलंय. दीपगृहावरच्या माणसाची मुलगी तेवढी वाचलीय, आणि खाडीतून येणाऱ्या राक्षसाला तिने अडवायचंय. सुरुवातीलाच आवाज येतो, 'आता तू एकटीच उरली आहेस.'

गेम जवळजवळ झाला होता. तेव्हा पब्लिशरकडून, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या बंगळूरच्या कंपनीकडून, निरोप आला की यात एमएमओ फीचर्स घाला. एमएमओ म्हणजे शेकडो लोक एकाच वेळी एकाच जगात खेळतात. गप्पा, टोळ्या, वस्तूंची देवाणघेवाण, सगळं तिथेच. हे सांगणारे प्रॉडक्ट हेड मूळचे पुण्याचे. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो.

व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, "सर, अख्खी गोष्टच एकटेपणाची आहे."

"मग तो एकटेपणा सगळ्यांना मिळून अनुभवू दे," ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी लगेच वहीत लिहून ठेवलं.

कॉल संपल्यावर इम्रानभाईंनी मला गॅलरीत नेलं. ते रागावले नाहीत. नाही म्हटलं तर करार जाईल, स्टुडिओ बंद होईल आणि आठातल्या सहा जणांना पुन्हा मुंबईत खोली शोधावी लागेल, इतकंच त्यांनी समजावलं. करून तर बघू, म्हणाले.

आम्ही करून बघितलं. सर्व्हर लावला आणि टेस्टिंगसाठी चाळीस माणसं जमवली. काही गावातली, काही शारजा-मस्कतला असलेली. गेममध्ये पात्र एकच, त्यामुळे किनाऱ्यावर एकाच वेळी चाळीस सारख्या मुली उतरल्या. सगळ्यांना सांगण्यात आलं की तू एकटीच उरली आहेस. मस्कतच्या एकाने माइकवर विचारलं, आपल्यातली नक्की कोण?

मग सगळ्या राक्षसावर धावल्या आणि राक्षस गोठला. याचं कारण हिट-स्टॉप. फटका लागला की चित्र पापणी लवते तेवढंच थांबतं. डोळ्याला कळत नाही, पण त्यामुळे फटक्याला वजन येतं. एकाने मारलं की राक्षस क्षणभर थांबायचा. चाळीस जण मारत राहिले की तो कायमचाच थांबायचा. जेवायच्या सुट्टीनंतर आलो तेव्हा काही मुली त्याच्या पायाशी बसून गप्पा मारत होत्या.

मी हिट-स्टॉप काढून टाकला. राक्षस हलू लागला, पण आता त्याला मारणं म्हणजे ओल्या टॉवेलने गादी झोडपणं. शिवाय चाळीस जणांपुढे तो खांदा ताणायच्या आतच मरायचा. सर म्हणाले, मेल्यावर परत उठवा. उठवला. तर तो दिवसभर पाण्यातून वर यायचा, आडवा व्हायचा, पुन्हा वर यायचा. त्या एका खांद्यावर मी चार महिने काम केलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी जाऊन राजीनाम्याचा मेल लिहिला. पाठवला नाही, पण लिहिला.

टेस्टरांमध्ये आमच्या गल्लीतले हुसेनचाचा होते. ते मालवाहू जहाजावर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून ते आमचा जुना, एकट्याने खेळायचा गेम तपासायला यायचे. त्याच राक्षसाकडून आठवडेच्या आठवडे मार खाऊन शेवटी त्यांनी त्याला पाडलं होतं, आणि त्या दिवशी स्टुडिओत खाजा वाटला होता. नवीन प्रकार बघून ते फार दुखावले. राक्षसाची इज्जत गेली, असं त्यांनी मला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लॉगिन केलं. किनाऱ्यावर एकोणचाळीस सारख्या मुली रांगेत उभ्या होत्या. चाळिसावी लढत होती. चाचांनी माइकवरून एकेकीला रांगेत लावलं होतं. प्रत्येकीला तीन संधी, मग मागे जायचं. विचारल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही. सारंगाचा आवाज तो, सगळ्यांनी ऐकलं. मागे रांगेत गप्पा चालू होत्या. शारजाहून कुणी मोहोर कसा आहे विचारत होतं. पण कुणी मध्येच राक्षसाला मारून दुसरीचा डाव बिघडवत नव्हतं. मारणारी एकच म्हटल्यावर मी हिट-स्टॉप गुपचूप परत घातला.

दुपारी सरांनी स्वतः खेळून बघायचं ठरलेलं होतं. ते लॉगिन झाले आणि रांगेच्या कडेने थेट राक्षसासमोर गेले.

"ओ ताई," चाचा म्हणाले, "मागं जा."

"मी प्रॉडक्ट हेड आहे."

"असशील. नंबर मागंच हाय."

सरांचा मला मेसेज आला, हे काय चाललंय? मी उत्तर दिलं, 'यूजर बिहेवियर, सर.' मला सरांना उचलून पुढे ठेवता आलं असतं, माझ्याकडे तसं बटण होतं. इम्रानभाई दबक्या आवाजात तेच म्हणत होते. मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. करार जायचाच असेल तर निदान राक्षस धड असताना जाऊ दे, असं मला वाटलं.

सर रांगेत उभे राहिले. पाऊण तास. त्यांचा नंबर आला तेव्हा ते पहिल्या फटक्यात मेले. दुसऱ्या वेळीही. मग त्यांनी कुणाकडे न बघता विचारलं, "हा कधी मारतो ते कळतं कसं?"

"खांदा बघ, ताई," चाचा म्हणाले.

तिसऱ्या वेळी त्यांनी खांदा बघितला, वार अडवला आणि फटका मारला. चित्र क्षणभर थांबलं. मागच्या चाळीस मुलींनी एकदम हात हलवला. त्यानंतर सर मेलेच, पण लॉगआउट झाले नाहीत. रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी त्यांचा कॉल आला. "शर्वरी, मला एक सुचलंय," ते म्हणाले. "लढायचं एकट्यानेच. बाकीच्यांनी फक्त बघायचं. लोक बघत होते ना, म्हणून तर मी परत रांगेत उभा राहिलो."

मी चांगली कल्पना आहे म्हटलं.

गेम तसाच बाहेर आला. लढाई एकट्याची. बाकीचे खेळणारे खडकांवर बसलेले दिसतात. त्यांना हात हलवता येतो, तलवार उचलता येत नाही. टोळ्या आणि देवाणघेवाण काढून टाकली. आठही जण रत्नागिरीतच आहेत. चाचांचं नाव 'विशेष आभार'मध्ये आहे. तिथे हुद्दाही लिहा, असा त्यांचा आग्रह होता, पण तो कुठला लिहायचा हे ठरेना.

एमएमओ घातल्याने असा गेम बिघडतो का, असं नवीन मुलं मला विचारतात. आमचा बिघडला होता. माणसं वाढली म्हणून नव्हे, सगळ्यांच्या हातात एकदम तलवार दिली म्हणून. तो दुरुस्त खेळणाऱ्यांनी केला, आणि कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये ती कल्पना सरांच्या नावावर आहे. आम्ही हरकत घेतली नाही. आपलं म्हणणं वरच्यांना पटवत बसू नये. ते त्यांना स्वतःला सुचावं लागतं, आणि रांगेत पाऊण तास उभं राहिलं की सुचतं.