कंपनीची पेस्ट

दुकानाचं शटर वर गेलं की प्रेरणा आधी उजव्या हाताचा अंगठा पुसायची. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस नखाच्या कडेनं फिरवायची आणि मगच उदबत्ती लावायची. अंगठ्याला काही लागलेलं नसायचं. लागलं होतं ते पूर्वी, लोणावळ्याच्या भर बाजारात.

तेव्हा ती नवलाख उंबरे या आपल्या गावाहून येऊन कैलासच्या दुकानात कॉम्प्युटर जोडायची. नव्या पंख्याच्या बुडाला कंपनीनंच राखाडी पेस्ट लावलेली असते. प्रोसेसरची उष्णता ती वर पंख्याकडे पोचवते. पंखा एकदा बसवून पुन्हा उचलला, तर ती पेस्ट पुसून नवी लावावी लागते. नाहीतर मध्ये हवा राहते आणि मशीन तापतं. प्रेरणा पुसायची. कैलासला ते खपायचं नाही.

"कंपनीपेक्षा तू शहाणी का?" तो म्हणायचा.

त्यात त्याची एक रीत होती. गिऱ्हाईक मशीन न्यायला आलं की तो बसवलेला पंखा उचलायचा, "हे याचं काळीज" म्हणून प्रोसेसर दाखवायचा आणि गिऱ्हाइकाच्याच हातानं तिथं कुंकू लावून घ्यायचा. मग पंखा होता तसा दाबून बसवायचा. माणसं खूश होऊन जायची.

टाकव्याचा बजरंग लग्नाचं शूटिंग करायचा. कैलासकडून घेतलेलं त्याचं मशीन ऐन लग्नसराईत बंद पडायला लागलं, ठरलेली कामं हातची गेली. तो दुकानात भांडायला आला, तेव्हा प्रेरणा दुसऱ्याच मशीनवर बसली होती. कैलासनं तिचा हात धरून पेस्टनं राखाडी झालेला अंगठा वर केला.

"हे बघ. पोरगी कंपनीची पेस्ट चोरून पुसते. मी काय करू?"

"दादा, भाऊंच्या मशीनची मी नव्हती पुसली..."

"अंगठा बोलतोय तुझा."

दारातले लोक हसले. "पोरींच्या हातात देता व्हय असली कामं?" बजरंग म्हणाला आणि तेच तो पुढं गावोगाव सांगत राहिला. तिची नोकरी गेली. गावात तिला 'मशीनजाळी' नाव पडलं. आई म्हणाली, पार्लरचा कोर्स कर. तिनं कोर्स केला नाही. कैलासच्या समोरच्याच बोळात एक गाळा घेतला आणि वाट बघत बसली.

पुढं कैलासनं दुकान बंद केलं आणि भुशीला बंगले भाड्यानं द्यायला घेतले. त्याचं शटर कायमचं खाली आलेलं पाहून तिला आनंद झाला नाही. तोंडातला घास कुणी काढून घ्यावा तसं वाटलं.

पण एका पावसाळी शनिवारी तो स्वतःच आला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं मशीन त्यानं टेबलावर ठेवलं.

"सारखं बंद पडतंय. सगळं बुकिंग अडकलंय. बाजारात दुसरं कुणी उघडं नाही."

"बसा, दादा. जोडलं कुणी?"

"मीच."

"कुंकू लावलं होतं?"

"म्हणजे काय. लावल्याशिवाय सुरू करतो का मी?"

प्रेरणानं हातातला पेचकस खाली ठेवला, कैलाससाठी चहा सांगितला आणि फोन लावला. "बजरंगभाऊ, बाजारात आहात ना? कैलासदादा आलेत, जरा माझ्या दुकानात या. रिक्षा स्टँडवर कुणी असेल तर त्यांनाही आणा."

माणसं येईपर्यंत तिनं एकही स्क्रू काढला नाही. कैलासचा चहा निवत गेला. सगळे दारात उभे राहिले तेव्हा तिनं पंखा हळूच फिरवून उचलला. पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती, मधोमध लाल डाग.

"भाऊ, हे काय आहे?"

बजरंग वाकला. "कुंकू." मग म्हणाला, "माझ्याबी हातानं हितंच लावून घेतलं व्हतं."

"त्यानंतर पेस्ट पुसून नवी लावली? नाही लावली तर मशीन तापतं."

"न्हाई. पंखा तसाच बसवला."

"कुणी?"

बजरंगनं कैलासकडं पाहिलं. "यानंच की. तसं केल्यानं मशीन तापतं हे आमाला काय ठावं."

"जुनं कशाला उकरता?" कैलास म्हणाला. "प्रेरणा, लवकर कर. पार्टी गेटवर भिजत उभी आहे."

"करते की." तिनं स्पिरिटचा कापूस त्याच्यापुढं धरला. "आधी पेस्ट पुसा."

"मी?"

"मी पुसली तर मशीन जळतं."

रिक्षावाल्यांतला एक जण फिस्सकन हसला. कैलासनं कापूस घेतला. राखाडी आणि लाल एकत्र होऊन त्याच्या अंगठ्यावर चढलं. प्रेरणा त्याच्या हातावरची नजर काढत नव्हती.

"त्या कोपऱ्यात राहिलंय."

कोपऱ्यात काहीच नव्हतं. त्यानं पुन्हा पुसलं.

"पोरी, मी लय बोललो तवा," बजरंग म्हणाला.

ती 'जाऊ द्या' म्हणाली नाही. "तेव्हा जेवढ्या मोठ्यानं बोललात, तेवढ्याच मोठ्यानं आता हे सांगा. टाकव्यात आणि आमच्या गावातही."

"सांगतो."

मग तिनं मुगाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली आणि पंखा बसवला. मशीन सुरू झालं, सुरूच राहिलं. कैलासनं ते काखोटीला मारलं. दुसऱ्या हातात तो मळका कापूस होता. कुठं ठेवावा ते त्याला सुचेना.

"त्या डब्यात टाका, दादा," प्रेरणा म्हणाली. "खाली नको. आत्ताच झाडलंय."